पाच आटे

१२ मार्च, रविवार

आज गाडी काट्यांवर चढवली. चार चाकांखाली चार वजनकाटे, बेरीज पाचशे एकतीस किलो. गेल्या वर्षी पाचशे बासष्ट होती. हिवाळाभर टेगन आणि मी मिळून तिच्या अंगावरचं मांस उतरवलं. जुनी बैठक गेली, हीटर गेला, गालिचा गेला, चाकं हलकी आली. दारंही काढली, नाहीतरी पावसात ती गळायचीच. आणि एकशे पस्तीस घोड्यांचं इंजिन एकशे नव्वदचं झालं. नवे कॅमशाफ्ट, हलकं फ्लायव्हील, चार सिलिंडरना हवा घ्यायला चार स्वतंत्र तोंडं. सगळं माझ्या हातचं. तेहेतीस वर्षं इंजिनं घासली आहेत मी, कुणाची बोट दाखवायची टाप नाही.

आकडा बघून टेगन नाचायलाच लागली. सत्तावीस वर्षांची घोडी, अॅम्ब्युलन्सवर लोकांचे जीव वाचवते, आणि गॅरेजात उड्या मारते.

"आई, आता ही उडणार बघ!"

"तेच तर," मी म्हटलं.

"तेच तर काय?"

"काही नाही. बाजूला हो, काट्यावर पाय पडतोय तुझा."

मापांची वही गॅरेजात उघडी पडलेली असते, क्लिफही त्यात सामानाच्या याद्या खरडतो. नवराच तो, त्याला काय बोलणार. म्हणून ही वेगळी वही. हिच्यात खरं लिहायचं. तर खरं हे, की गेल्या सप्टेंबरात हेझलबँकच्या टेकडीवर, एकेक गाडी घड्याळ लावून वर चढवतात त्या शर्यतीत, कोठाराच्या वळणाला मी गाडी बांधावर घातली. सगळ्यांना सांगितलं, रस्त्यावर तेल होतं. तेलबिल काही नव्हतं. मी ब्रेकला उशीर केला आणि मग डोळे मिटून घेतले. तेव्हापासून ती भीती काही जात नाही. तेव्हा इंजिन एकशे पस्तीसचं होतं.

१५ एप्रिल, शनिवार

जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर गाडी पहिल्यांदा मोकळी सोडली. आधी मी बसले. तिसऱ्या गिअरात पाय दाबला आणि मागची चाकं अशी काही सटकली, की गाडी गर्रकन फिरली. जिथून निघाले होते तिकडेच तोंड करून थांबले. सपाट पट्टी, आजूबाजूला नुसतं गवत, म्हणून वाचले. उतरले आणि आधी टायरांना हात लावला.

"गार आहेत टायर," मी म्हटलं.

मग टेगन बसली. तिच्याही हातातून मागची बाजू सुटली, तिनं ती हसत हसत पकडली आणि पुढं गेली. हसू लांबवर ऐकू येत होतं. मला तर रडूच यायला लागलं. हेझलबँकला असं मोकळं गवत नाही. कोठाराच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला बांध आहे, आणि बांधावर अॅशची जुनी झाडं.

क्लिफनं थर्मासमधला चहा हातात दिला. "पोरगी चांगली चालवते गं," म्हणाला.

"तीच तर भीती आहे," मी म्हटलं. "वाईट चालवणारी लवकर पाय उचलते."

१० मे, बुधवार

चार दिवस डोकं पोखरत होतं, आज उपाय सापडला. अॅक्सिलरेटरच्या पॅडलखाली एक बोल्ट असतो. पॅडल त्याच्यावर टेकलं, की तिथंच थांबतं, तार ताणली जाऊ नये म्हणून. तो बोल्ट पाच आटे वर काढला, तर पॅडल लवकर टेकतं आणि इंजिनाची तोंडं पाऊणच उघडतात. पायाला मात्र वाटतं, तळ गाठला. चढावर गाडी तशीही जड वाटते, त्यामुळे संशय यायचं कारण नाही.

आणि संधीसुद्धा आयती आहे. आम्ही दोघी एकाच गाडीवर नाव नोंदवतो, तिथं बरेचजण नोंदवतात, बाप-लेक, नवरा-बायको. आधी एक चालवतो, गाडी खाली आली की दुसरा. मी पाच फूट एक इंच, टेगन ताडासारखी. माझ्या पाळीला पॅडलवर लाकडी ठोकळा लागतो, तिच्या पाळीला काढावा लागतो. ते काम कायम माझं. पाना हातात असतोच, डोकं पॅडलांपाशीच असतं. ठोकळा काढायचा, बोल्ट पाच आटे वर. माझ्या पाळीला ठोकळा लावायचा, बोल्ट पाच आटे खाली, हे ओघानंच आलं.

ती जगली पाहिजे. बाकी मला काही नको.

१४ मे, रविवार

पहिली स्पर्धा. दोन फेऱ्या सरावाच्या, दोन मोजणीच्या. पहिल्यांदा पाना निसटून पोटरीवर आपटला. पण जमलं.

टेगन वर जाताना मी बांधाशी उभी राहिले. कोठाराच्या वळणाला गाडी शांतपणे वळली, जशी शहाण्या माणसाची वळावी. मला हायसं वाटलं. देवा, किती महिन्यांनी हायसं वाटलं.

माझी सगळ्यात चांगली वेळ एक्केचाळीस सेकंद आणि पाच शतांश. महिलांचा विक्रम, म्हणजे माझाच, एकवीस वर्षांपूर्वीचा, एक्केचाळीस पूर्णांक बत्तीसचा होता. मोडला. मीच मोडला. लोकांनी हॉर्न वाजवले. एकोणसाठाव्या वर्षी! टेगनची वेळ बेचाळीस पूर्णांक चार.

नॉर्मन टिपेट हिरवी गाडी चालवतो, सत्तरी उलटली तरी जीभ तशीच आहे. बेकन सँडविच खात आला आणि म्हणाला, "काय हेस्टर, पोरीला सगळं शिकवलंस का अर्धंच लपवून ठेवलंस?"

मी कप ठेवून त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो नुसती थट्टा करत होता मेला.

टेगन हसली. पण गाडीत बसून घरी येताना ती फारशी बोलली नाही. "तू कशी काय गं इतकी जोरात जातेस?" एवढंच एकदा म्हणाली. मी म्हटलं, सवय. क्लबहाउसच्या बोर्डावर माझं नाव नव्यानं रंगवायला रंगारी बोलावला आहे म्हणे.

११ जून, रविवार

दुसरी स्पर्धा झाली. मी एक्केचाळीस पूर्णांक एक. ती एक्केचाळीस पूर्णांक सात. तिनं सात दशांश कुठून कापले ते मला संध्याकाळी कळलं.

जेवणाच्या टेबलावर तिनं वेळांचे कागद पसरले. कोठाराच्या वळणाआधी सरळ पट्ट्यावर वेग मोजतात. माझा ताशी एक्क्याण्णव मैल, तिचा चौऱ्याऐंशी.

"हे बघ आई. वळणांमध्ये मी तुझ्यापेक्षा वेगात आहे. प्रत्येक वळणात. आणि सरळ रस्त्यावर मी सात मैलांनी मागे. सरळ रस्त्यावर! तिथं काय करायचं असतं? नुसता पाय दाबायचा असतो."

"तुझं वजन जास्त आहे माझ्यापेक्षा," मी म्हटलं.

"अकरा किलो! अकरा किलोंनी सात मैल जातात होय? तूच शिकवलंयस मला गणित." मग ती कागदांकडे बघत राहिली. "मी पाय उचलते. मला वाटतं मी दाबलाय, पण मी उचलते. कळतसुद्धा नाही मला."

क्लिफ भांडी विसळत होता. तो म्हणाला, "बाळा, तू लहानपणापासून कशाला घाबरली नाहीस."

"मग आता घाबरतेय बाबा. पाय घाबरतोय."

मी सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण काय सांगणार? की तुझ्या पायात मीच बेडी घातली? ती पुन्हा माझ्या हातच्या गाडीत बसेल का? आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसली, तर तिथं बोल्ट कोण लावणार? मी म्हटलं, "खीर घे अजून." ती उठून गेली.

वळणं ती भरपाई म्हणून जोरात घेते आहे. ह्याचा मी विचारच केला नव्हता.

१४ जून, बुधवार

गाडी पुसायला गेले तर स्टिअरिंगसमोरच्या पत्र्यावर तिनं पांढरी पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर काळ्या शाईनं लिहिलंय, "दाब, भित्रे!"

ती पट्टी सोडून बाकी गाडी पुसली. पट्टी काढायची हिंमत झाली नाही.

२ जुलै, रविवार

क्लिफ आज बागेत शेंगांना काठ्या बांधता बांधता म्हणाला, "हेस्टर, हल्ली तुझा हात पॅडलांखाली फार वेळ असतो."

"ठोकळ्याचा स्क्रू गेलाय."

"हो का." थोड्या वेळानं म्हणाला, "एवढी भीती वाटत असेल तर जुनं इंजिन परत बसव की. दोघी त्याच्यावरच चालवा. गेली इतकी वर्षं चालवलंतच ना."

आता ह्याला काय म्हणावं! सहा महिने राबून बनवलेलं इंजिन उतरवायचं! यंत्रातलं त्याला काय कळतंय. भिंतीला साधी फळी लावायला तीन वेळा मोजतो.

१५ जुलै, शनिवार

उद्या स्पर्धा. आदल्या दिवशी सगळे टेकडी पायी चढतात, रस्ता डोळ्यांखालून घालतात, तशा आम्हीही चढलो. कोठाराच्या वळणाआधी डाव्या कडेला तीन पांढरे खांब आहेत. मी पहिल्या खांबाला ब्रेक लावते. नॉर्मनही पहिल्यालाच लावतो.

टेगन दुसऱ्या खांबाशी थांबली. त्याच्यावर टपली मारली. "मी इथं लावते."

"इथं? वेड लागलंय का तुला?"

"बसते की गाडी नीट. सरळ रस्त्यावर मी घालवते ते इथं कमावते. उद्या ह्याच्याही पुढं बघणार आहे."

मला उन्हात थंडी वाजली. चौऱ्याऐंशीच्या वेगाला तो खांब चालतो. एक्क्याण्णवच्या वेगाला चालणार नाही, हे मला कागद-पेन्सिल न घेता कळतं. म्हणजे आता बोल्ट ठेवला तर ती ब्रेक आणखी आणखी उशिरा लावत जाणार. आणि बोल्ट काढला तर त्याच दिवशी झाडावर. कपाळ माझं. मी स्वतःच्या हातानं काय करून बसले?

टेगन पुढं चालत होती, हातांनी हवेत चाक फिरवत, ओठांनी गिअरांचे आवाज काढत. ती सहा वर्षांची असताना माझ्यामागून ह्याच रस्त्यानं अशीच चालायची.

१६ जुलै, रविवार

ठरवलं, हळूहळू काढू. एकेक आटा. म्हणजे तिला सवय होत जाईल. आज पाचाऐवजी चार ठेवले.

एकच आटा. कोठाराच्या वळणाला तिची बाहेरची दोन चाकं गवतावर गेली. मी बांधाशी होते, माझ्यापासून दहा हातांवरून गेली. माती उडाली, माझ्या तोंडावर आली. गाडी डुलली, सरळ झाली, वर गेली. माझ्या शेजारी उभ्या निशाणवाल्यानं मला धरलं. मी ओरडले होते म्हणे, मला आठवत नाही.

खाली आली तेव्हा टेगनचा चेहरा दिवाळीसारखा उजळला होता. हेल्मेट काढायच्या आत बोलायला लागली. "आई! आज पाय ऐकला! थोडासाच, पण ऐकला! शहाऐंशी मैल!" मला मिठी मारली. केसांना घामाचा आणि पेट्रोलचा वास. "रोज आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या घालते मी, त्याचा उपयोग झाला बघ."

पुढच्या फेरीला मी सहा आटे वर केले.

वेग ब्याऐंशी मैलांवर आला. कागद हातात घेऊन ती गाडीमागं जाऊन बसली. नॉर्मन तिच्याकडं गेला, काहीतरी विनोद केला, आणि न हसता परत आला. मला म्हणाला, "हेस्टर, लेक तुटतेय गं तुझी." मी म्हटलं, खेळ आहे, कधी जमतं कधी नाही.

६ ऑगस्ट, रविवार

टेगन जेवायला आली. म्हणाली, सप्टेंबरची स्पर्धा शेवटची. मग सोडणार. "माझ्यात ते नाहीच आई. तुझ्यात आहे, माझ्यात नाही. मान्य करायला वेळ लागला."

मी वर जाऊन पलंगावर बसले. सुटले! आधी हेच मनात आलं, लिहायला लाज कसली. ती जगणार. फक्त एक स्पर्धा, आणि मग ती घरी बसणार, म्हातारी होणार. मार्चपासून पहिल्यांदा दुपारी गाढ झोपले. उठून लोणी लावून दोन पाव खाल्ले.

१९ ऑगस्ट, शनिवार

क्लिफला ठाऊक होतं, मला नाही. टेगननं अॅम्ब्युलन्सच्या तातडीच्या ड्रायव्हिंगच्या प्रशिक्षणातून नाव काढून घेतलं आहे. दोन वर्षं त्याची वाट बघत होती. आता ती मागंच बसणार, पेशंटपाशी. गाडी दुसऱ्यानं चालवायची.

फोन केला. "अगं पण का?"

"का म्हणजे? मागं कुणी जीव सोडत असेल आणि ऐन वेळी माझा पाय घाबरला तर? मला कळणारसुद्धा नाही, आई. तीन महिने कागद हेच सांगतायत ना."

"कागदांचं काय एवढं..."

"तूच शिकवलंस, कागद खोटं बोलत नाही." मग तिचा आवाज बदलला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी चूक थोडीच आहे."

फोन ठेवला. तिचा जीव वाचवायला गेले आणि जीवातलं काय काढून घेतलं मी तिच्या?

९ सप्टेंबर, शनिवार

ठरलं. उद्या मोजणीच्या फेऱ्यांना बोल्ट वर करायचाच नाही. तिला एकदा कळू दे, आपला पाय घाबरट नाही. विक्रम गेला तर गेला. आणि ब्रेकचं मी सांभाळते, सकाळीच बजावून ठेवते, पहिल्या खांबाला लाव म्हणून. आईचं एवढं तर ऐकेल. म्हणजे कुणालाच काही कळायला नको, आणि सगळं जागच्या जागी येईल.

पाना आणि ठोकळा पिशवीत भरून ठेवला आहे.

१० सप्टेंबर, रविवार

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी माझ्या फेऱ्या बऱ्या झाल्या. सरावात तिच्यासाठी नेहमीसारखे पाच आटे ठेवले. दुपारी मोजणीची पहिली फेरी. मी एक्केचाळीस पूर्णांक दोन करून खाली आले, ठोकळा काढला, आणि बोल्टला हात लावला नाही. टेगन बसली, पट्टे आवळले.

"ऐक," मी म्हटलं. "कोठाराला पहिल्या खांबापाशी ब्रेक लाव."

"बरं."

"बरं नाही. वचन दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. चिडलेली नव्हती, दमलेली होती. "आई, वर्षभर तू हेच करतेयस. जपून, हळू, सांभाळ, लवकर लाव. तुझं ऐकून ऐकूनच माझ्या पायात ही भीती बसली असणार. आज शेवटचा दिवस आहे. आज मी तिसऱ्या खांबापर्यंत जाणार. एकदा तरी बघू दे मला." आणि हेल्मेटची काच खाली ओढून ती रांगेत गेली.

तिसरा खांब. सगळे एकशे नव्वद घोडे पायाखाली मोकळे, आणि तिसरा खांब.

मी उभीच. तिच्यापुढं तीन गाड्या होत्या. एक सुटली. मला वाटलं, क्लिफला सांगावं, तो सांगेल. क्लिफ चहाच्या रांगेत. दुसरी सुटली. वाटलं, इंजिनातून तेल गळतंय असं ओरडून थांबवावं गाडी. तेल! पुन्हा तेलच आठवलं मला. माझीच मला किळस आली.

धावत सुटले. एकोणसाठ वर्षांचे गुडघे. सुटायच्या रेषेपाशी कुणाला येऊ देत नाहीत, एका पोरसवद्या निशाणवाल्यानं हात आडवा केला, तो मी खाली मारला. टेगनची गाडी रेषेवर लागली होती. मी दाराच्या रिकाम्या जागेतून आत वाकले आणि तिच्या हेल्मेटची काच वर केली.

"पॅडलखाली बोल्ट असतो तो मी वर करत होते. तुझ्या पाळीला. प्रत्येक वेळी. गाडी तुला पूर्ण मिळतच नव्हती. आज केला नाही. आज पूर्ण आहे. एक्क्याण्णवनं जाशील तू, त्याच्याही वर जाशील. तिसऱ्या खांबाला लावलास तर मरशील."

इंजिनाच्या आवाजात हे सगळं ओरडून सांगावं लागलं. निशाणवाल्यांनी ऐकलं, मागच्या गाडीतल्या नॉर्मननं ऐकलं असेल. टेगन माझ्याकडं बघत होती. काचेच्या फटीतून नुसते डोळे दिसत होते.

"कधीपासून?"

"मे."

"जुलैत पाय ऐकला तेव्हा?"

"चार आटे होते. एक कमी केला होता."

तिनं मान समोर केली. काच स्वतःच्या हातानं खाली ओढली. कुणीतरी मला खांद्यांना धरून मागं खेचलं.

दिवा हिरवा झाला. हिरवा झाल्यावर आपल्या मनानं सुटायचं असतं, घाई नसते. गाडी हलेना. एक, दोन, तीन, चार. मला वाटलं ती उतरणार. पाच. मग मागच्या चाकांनी किंचाळी फोडली आणि ती गेली.

वर बघायचं धाडस नव्हतं, मी डोळे मिटून नुसतं ऐकलं. ते इंजिन मी बांधलंय, त्याचा श्वाससुद्धा मला कळतो. पहिलं वळण. दुसरं. मग सरळ पट्टा, आणि आवाज वर वर चढत गेला, दुसऱ्या कुणाच्या पायाखाली ह्या टेकडीवर मी तो तसा कधी ऐकलाच नव्हता. चढतोय, चढतोय, आता सोड गं, आता सोड बाळा, आता... आणि आवाज तुटला. वेळेवर. पहिल्या खांबाला. मग वळण, मग पुन्हा आवाज, मग वरचा रस्ता. मी तिथंच मातीत बसले.

भोंग्यावर आकडा सांगितला. चाळीस पूर्णांक एकाहत्तर. ताशी त्र्याण्णव मैल. महिलांचा नवा विक्रम, आणि तो आईचा मोडून लेकीनं केलेला, आईची छाती आज किती फुगली असेल, वगैरे वगैरे. लोक हॉर्न वाजवत होते. कोणीतरी येऊन माझा हात हातात घेऊन हलवला.

ती खाली आली. उतरली. हातमोजे काढले, ठोकळा उचलून माझ्या हातात दिला. "तुझी पाळी," म्हणाली. दुसरं अक्षर नाही.

नाही म्हणायचं सुचलंच नाही. ठोकळा लावला, बसले, वर गेले. सरळ पट्ट्यावर पाय खाली जाईना. मी दाबत होते आणि तो जात नव्हता, आणि खाली बोल्टबिल्ट काही नव्हतं. चव्वेचाळीस पूर्णांक नऊ. टेगननं दुसरी फेरी घेतली नाही. ती नॉर्मनच्या गाडीतून घरी गेली.

१३ सप्टेंबर, बुधवार

क्लिफ म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. शेंगांना काठ्या बांधताना." आणि काठीसारखाच ताठ उभा राहिला. छत्तीस वर्षांच्या संसारात तो माझ्याशी इतका कमी कधीच बोलला नव्हता.

टेगन फोन उचलत नाही. बापाचा उचलते. प्रशिक्षणाला तिनं पुन्हा नाव घातलं आहे, तेही त्याच्याकडूनच कळलं. मला फार बरं वाटलं. मग एकटीच रडले.

१ ऑक्टोबर, रविवार

आज टेगन आली. तिचं हेल्मेट, मोजे आणि बूट न्यायला. पुढच्या वर्षी नॉर्मनच्या गाडीवर नाव नोंदवणार आहे. मी चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाली, पण गॅरेजात स्टुलावर बसली. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"एक विचारू?"

"विचार ना."

"कशासाठी केलंस?"

हे उत्तर माझ्याजवळ तयार होतं. तीन आठवडे घोकत होते. मी म्हटलं, भीतीनं, टेगन. देवाशपथ भीतीनं. गेल्या वर्षी तेल नव्हतं रस्त्यावर, मी डोळे मिटले होते. ते वळण माणूस खातं. तुला त्या झाडांवर गेलेली मी रोज बघत होते, जागेपणी बघत होते. तू मला विक्रमाबिक्रमापेक्षा... आणि माझा आवाज फुटला. एक शब्द खोटा नव्हता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. तिला पटलं असं मला वाटलं, तिचे डोळेही भरले होते.

"खरं आहे," ती म्हणाली. "तू घाबरली होतीस, ते मला दिसत होतं. तुला झोप नव्हती, बाबांनी सांगितलं." मग हेल्मेट मांडीवर फिरवत, हळू आवाजात, अगदी सरळ विचारलं. "पण वळण तेच, गाडी तीच, झाडं तीच. आणि गेल्या वर्षी त्या बांधावर तू गेली होतीस, मी नाही. मग स्वतःच्या पाळीला तू तो बोल्ट खाली का करायचीस?"

मी समोरचा माझा ठोकळा उचलला आणि फडक्यानं पुसायला लागले.

ती थांबली होती. माझ्याकडं बघत, घाई न करता. मग उठली, हेल्मेट काखेत घेतलं, आणि जाताना गॅरेजचं दार हलक्या हातानं लोटून गेली.